चांद्याची चकती

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात प्लास्टिकचा बैल पाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघावा, हे माझं नशीब. लग्न ठरलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मामाजी वरठीच्या एका कारखान्यात क्रेन चालवतात, मोठ्या लोहचुंबकाने भंगार उचलतात, सुपारीचंही व्यसन नाही, एवढंच कळलं होतं. पहिल्यांदा जेवायला गेलो तर माझ्या शेजारी पाटावर हा बैल. मुठीएवढा, अंगात चिलखत, कपाळावरचा रंग उडून पांढरा ठिपका पडलेला, म्हणून नाव चांद्या. मामाजी म्हणाले, "जवाईबापू, याले नमस्कार करा. घरातला कर्ता हाये." मी केला. नवा जावई दुसरं काय करणार?

हा चांद्या म्हणजे व्हिडिओ गेममधला गडी. मामाजींच्या एकुलत्या एक मुलीने, पिंकीने, कॉलेजात असताना आणलेला. टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या थाळीवर त्याला उभा केला की तोच बैल पडद्यावर उधळतो, आणि तिथे जे कमावतो, लेव्हली म्हणा, टोप्या म्हणा, ते सगळं त्या पुतळ्यातच नोंदलं जातं. दुसऱ्या गावच्या थाळीवर ठेवा, तिथेही तो शिकलेलं विसरत नाही. मामाजींना हे भलतंच भावलं. "आपल्या पोरायचं शिक्षण कागदावर रायते, याचं पोटात हाये," असं ते येईल त्याला सांगत आणि त्या पोटाला कुणाला बोट लावू देत नसत. कारखान्यातल्या चुंबकाने आतलं सारं पुसून जाईल या धास्तीने ड्युटीवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ते चांद्याला शिवत नसत. मामीजी म्हणायच्या, "मले बिनआंघोळीचे हात चालतेत, बैलाले नाही चालत."

पिंकी पुण्याला नोकरीला लागली. जुनं यंत्र घरी राहिलं, तिकडे तिने दुसरं घेतलं, आणि चांद्याच्या खेपा सुरू झाल्या. महिनाभर पुण्यात, महिनाभर वरठीत. पुण्याला निघालेला कुणीही ओळखीचा मामाजींच्या तावडीतून सुटत नसे. स्टेशनवर गाठून ते आधी त्याची उलटतपासणी घेत. झोप गाढ लागते का, डबा कुठे ठेवणार, मधल्या स्टेशनवर भजी खायला उतरता का. पास झाला की स्टीलचा डबा त्याच्या मांडीवर. आत चांद्या आणि भोवती धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा. मी म्हटलं, तणस कशाला, थर्माकोल घालू. तर म्हणाले, "थर्माकोल खाते काय बैल?"

पण खरी गंमत चांद्या परत आल्यावर. मामाजी चष्मा लावून पत्र वाचावं तसा पडदा वाचत. एकदा तो एका महिन्यात नऊ लेव्हली चढून आला. दुसरा कुणी खूश झाला असता. ह्यांनी तडक फोन लावला. "काहून वं बाई, ताप आला होता काय? इतकी घरी काहून बसली होती?" आणि खरंच तिला आठ दिवस ताप होता, घरी कळू दिलं नव्हतं. एका खेपेला चांद्या गेला तसाच परत आला, तर ह्यांचा जीव खालीवर. "पोरीले जेवाले वेळ भेटून नाही राहिला." पोरगीही काही कमी नाही. गुडघ्याने घरी बसवलं तेव्हा मामाजींनी टोप्यांचा सपाटा लावला होता. डबा पोचला त्या दिवशीच तिचा फोन. "बाबा, सतरा टोप्या? डॉक्टरकडे कधी चालले?"

मग पिंकीला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. चांद्या तिच्यासोबत जाणार होता. त्याआधी ती पोळ्याला घरी येणार म्हटल्यावर मामाजींच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात, मोठी माणसं त्यांना बोजारा म्हणून खाऊ, पैसे देतात, सजावटीला बक्षीसही असतं. पिंकी लहान होती तेव्हा दर तान्ह्या पोळ्याला ह्यांची नेमकी ड्युटी. एकदाही तिच्यासोबत गेले नाहीत. "एक डाव तरी जाईन म्हणतो," मला म्हणाले. पण चांद्या तर गोल चकतीवर उभा, त्याला चाकं कशी लावणार? मामाजींनी करवतीचं पातं घेतलं, पोट सांभाळून अगदी अलगद चारी खूर चकतीवरून सोडवले, सागाच्या फळीवर चिकटवले आणि फळीला चाकं लावली. कापताना चकती मी धरली होती, हे आता कबूल करून टाकतो.

तान्हा पोळा मात्र असा झाला की काय सांगू. अठ्ठावन्न वर्षांचे मामाजी, पंचवीस वर्षांची पिंकी आणि मध्ये दोरीला बांधलेला चांद्या. रांगेतल्या पोरांनी तक्रार केली, हे आजोबा आमच्यात कसे? परीक्षकांनी वय विचारलं. मामाजी म्हणाले, "बैलाचं सात." उत्तेजनार्थ कंपास पेटी मिळाली. पिंकी हसून हसून रस्त्यातच बसली.

संध्याकाळी चांद्याला थाळीवर ठेवला. पडदा कोरा. मामाजींनी थाळी पुसली, बैलाला आडवा केला, पोट थाळीला टेकवून पाहिलं. काही नाही. पिंकीचं लक्ष चाकांकडे गेलं.

"बाबा, चकती कुठे आहे? सगळं चकतीतच असते."

"पोटात नसते?"

"नाही बाबा."

सात वर्षांचं त्यात होतं, तिचा ताप, ह्यांचा गुडघा, सगळं. मामाजी उठले आणि थेट मागच्या उकिरड्यावर, चकती कचऱ्यात टाकली होती. मीही गेलो, पापात माझा वाटा होताच. कोपरापर्यंत हात घालून दोघं उपसत होतो, आणि मामाजी रडत होते, अगदी उघड. "पोरीचं सारं मीच पुसून टाकलं जी, जवाईबापू."

तेवढ्यात मामीजी दारात आल्या. "ते गोल गोल होतं, ते कायले शोधून राहिले? शिलाई मशीनच्या पायाखाली हाये. हलून राहिली होती मशीन."

चकतीला तडा गेला होता. पिंकीने ती फुंकून थाळीवर ठेवली. आणि चांद्या आला की धावत, सतराच्या सतरा टोप्यांसकट. मामाजींनी तिथेच पडद्याला हात जोडले. मामीजी म्हणाल्या, "आता माही मशीन हलन, त्याचं बोला."

जर्मनीला शेवटी चकतीच गेली. मामाजी खूर सोडवायला पातं घेऊन बसले होते, पण पिंकी म्हणाली, "बैल राहू द्या बाबा, त्याले घरीच बरं वाटते." चकती तिने पासपोर्टच्या पाकिटात ठेवली, सोबत तणशीच्या दोन काड्या.

परवा वरठीला गेलो होतो. मामाजी ड्युटीवरून आले, आंघोळ केली, चष्मा लावला आणि चाकांवरचा चांद्या थाळीवर ठेवून कोऱ्या पडद्यासमोर बसले. मी म्हटलं, "मामाजी, त्यात काही दिसणार नाही. पिंकीचा रोज फोन येतो ना?"

"येते ना," ते म्हणाले. "फोनवर पोरगी रोजच बरी असते. ताप आला असन, तर आता मले कसं मालूम पडन?"