मापासाठी सरोजिनीकाकू

रोह्याच्या महादेवकाकांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली, त्यामुळे फोटोतसुद्धा त्यांना माप लागायचं. नुसता समुद्र काढला तर तो केवढा हे बघणाऱ्याला कळणार कसं, असा त्यांचा सवाल. म्हणून समुद्रापुढे एक माणूस उभा करायचा, पाठमोरा, लहानसा. हा माणूस म्हणजे कायम सरोजिनीकाकू.

पेण-रोह्याच्या हौशी फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. फोटो टाकला की प्रत्येकाने एक चूक काढायचीच, असा तिथला रिवाज. नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करणारे पोपटराव व्हॉइस मेसेज पाठवतात, मागे भोंगा वाजत असतो. समुद्र डावीकडं सांडलाय सर, आपलं मत हाय, राग नसावा. पेणच्या ऋजुतामॅडम वर्गात बोलतात तशाच ग्रुपवर बोलतात. ‘फ्रेमला श्वास हवा’ म्हणताना ‘श्वास’पाशी थांबून स्वतः एक घेतात. चेहरा नको, हा नियमही त्यांचाच. चेहरा आला की नजर तिथेच अडकते आणि समुद्र फुकट जातो.

गेल्या डिसेंबरात काका-काकू दिवेआगरला गेले. सुट्टीतले साधेच फोटो, काकांनी तिथूनच ढीगभर टाकले. किनारा आणि काकू, सुरूचं बन आणि काकू, वाळूत ओढलेली होडी आणि काकू. पोपटरावांचं मत पडलं, माणूस दोन पावलं उजवीकडं पायजे होता. काकांना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी काकूंना पुन्हा उभं केलं, साडीचा काठ भिजलेला, पायाला वाळू चिकटलेली. त्या म्हणाल्या, “अहो, सारखा समुद्रच बघतेय मी. जरा तुमच्याकडे वळू का?” काकांनी नुसता हात हलवला, म्हणजे तोंड तिकडेच ठेव. काकू नंतर शेजाऱ्यांकडे बसून हा किस्सा रंगवून सांगायच्या, काकांचा हात कसा हलला त्याच्या नकलेसकट.

फेब्रुवारीत एका सकाळी चहा गाळता गाळता काकू खाली बसल्या. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतकाचे दिवस चालू असताना मुलगी इशिता फोटो मागू लागली. तेराव्याला हार घालायला फ्रेम तर हवी. काका तरातरा उठले, फोटोंना काय तोटा, अख्खा कॉम्प्युटर भरलाय म्हणाले. संध्याकाळ झाली तरी तिथेच बसून होते. लग्नातल्या फोटोत काकू अगदीच पोरगेल्या. आधार कार्डावर होत्या, पण आधार कार्डावर सगळेच दिसतात तशा. बाकी सगळीकडे अंबाडा.

शेवटी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, सरोजिनीचा चेहरा असलेला एखादा फोटो कोणाकडे असल्यास पाठवावा.

ग्रुपच्या सहलींना काकू डबे घेऊन यायच्या, त्यामुळे सगळे कामाला लागले. धरमतरची जेटी आली, काकू पाठमोऱ्या. कासूच्या पलीकडची भातशेती आली, काकू पाठमोऱ्या. सगळ्यांनीच त्यांना मापाला वापरलं होतं. एकाही फोटोखाली कोणी काही लिहिलं नाही.

पोपटरावांना राहवेना. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी काकांकडून मागवलेला आधारचा फोटो आणि दिवेआगरचा फोटो मोबाइलमधल्या एआयला दिला, आणि काकू वळल्या. मागे समुद्र, तोंड आपल्याकडे, भरघोस हसू. ऋजुतामॅडमनी ग्रुपवर त्याखाली लिहिलं, ‘जिवंत!’ मग तो शब्द पुसला आणि नुसते हात जोडले.

पोपटराव मोठी प्रिंट काढून रोह्याला आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. “बघा सर. अशाच दिसायच्या ना काकू?”

काकांनी चष्मा पुसला. प्रिंट जवळ नेली, मग हात ताणून लांब धरली. पोपटरावांना वाटलं, भरून आलंय त्यांना. पण काका नुसते शोधत होते, परीक्षेत कोऱ्या नकाशावर ठाऊक नसलेलं गाव पोरं शोधतात तसे.

“मला सांगता येत नाही,” ते म्हणाले.

पोपटराव घाईघाईने म्हणाले, हसू जास्त वाटत असंल तर कमी करता येतं, दात झाकता येतात. काकांनी त्यांनाच विचारलं, दात असे होते का तिचे. पोपटरावांनी डबे खाल्ले होते, दात कुठे बघितले होते. मग काकांनी इशिताला हाक मारली.

तिने एकदाच बघितलं. “ही आई नाही, बाबा.”

पोपटराव उठले. प्रिंट परत न्यावी की ठेवावी त्यांना कळेना. टीपॉयवर पालथी ठेवून गेले.

आधारचाच फोटो मोठा करायचा ठरलं. इशिता स्टुडिओत जायला चपला घालत होती, तेव्हा काकांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. एवढ्या पटकन कशावरून कळलं तुला, असं विचारलं. तिला आधी राग आला, दिसलाही. मग ती बसली.

“आई हसताना ओठ मिटायची, बाबा. पुढचा दात तुटल्यापासून.”

“कधी तुटला?”

“माझ्या लग्नाच्या आधी.”

काका बराच वेळ मान हलवत राहिले, जणू त्यांना ते माहीत होतं. मग म्हणाले, “अजून सांग.”

इशिता डोळ्यांविषयी सांगू लागली.