आईचं वृंदावन, शहागडच्या मातीत

सगळ्यात आधी कोण आलं, तर गया, माझी धाकटी बहीण. फोनवर म्हणत होती, चिखल बघायला एवढ्या लांब कोण जातं. अन् राजूरच्या स्टँडवर माझ्या आधी पिशवी घेऊन बसलेली तीच. वर मलाच म्हणती, उशीर केलास.

राजूरहून जालना, तिथून अंबडवरून शहागड. एसटीत बायांना अर्धं तिकीट. जालन्यात गाडी बदलायला वेळ जातो, म्हणून भाकरी बांधून घ्या. आम्ही ठेच्यासंगं स्टँडवरच खाल्ली. पुढं मोसंबीच्या बागा लागल्या, गया झोपली, मी आपली हात बघत बसले.

हाताचंच तर काम होतं. लहानपणी आईनं आम्हा दोघींच्या हातावर काजळानं तुळशीवृंदावन काढलं, अन् गोंदणारीनं त्याच रेघांवर सुया टोचल्या. आईच्या हातचं तेवढंच राह्यलंय, तेबी फिकं पडत चाललं. पुसायच्या आत ते फरशीवर घ्यायचं होतं.

शहागडात नसरीन हातानं फरश्या करती. लाटण्यानं माती लाटती, भाकरीपेक्षा जाड, अन् चौकोन कापती. ओल्या मातीचा वास असा, की मी घडीभर माहेरच्या अंगणात उभी. मंग बांगड्या वर सारल्या अन् हातच दाबला मातीत. उचलला तर वृंदावन न्हाईच. नुसत्या सुरकुत्या, अन् खाली घसरलेल्या एका बांगडीची खूण.

नसरीन म्हणली, "अम्मा, गोंदण कातडीच्या आत असतं, मातीला कसं कळंल? काडीनं काढा."

हाताच्या ठशाची फरशी बाजूला ठेवून तिनं दुसरी पुढं केली. काढाया बसले तर खालचा ओटा माझ्या हातावर बिलकुल दिसंना. काडी तशीच धरून बसले. गयानं आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. तिची तुळस पुसली होती, ओटा शाबूत. वरचं माझ्यावरून, खालचं तिच्यावरून, असं बराबर उतरलं.

आता फरशी वाळणार, भाजणार, मंग वर राखेच्या रंगाचा लेप, अन् पुन्हा भाजलं की तो हिरवा होतो. मला पटंना, तर नसरीननं भट्टीआधीची अन् नंतरची अशा दोन फरश्या शेजारी ठेवल्या. हिरवी थेट गोंदणासारखी. भाजल्यावर थोडी आवळती म्हणली. "आमच्यासारखीच," गया म्हणली.

घरी आल्यावर बघते तर बांगडीत माती वाळलेली. धुवायला जीव होईना. गयाला म्हणलं, वृंदावनाची फरशी एकच, तू ने. ती म्हणली, "वृंदावन तुझ्या दाराला लाव. मला तो दाबलेला हात दे."

नसरीन दोन्ही फरश्या येत्या चतुर्थीला राजूरला घेऊन येणार. गयाबी त्याच दिवशी येते म्हणली, पहिल्या गाडीनं.