सोलापूरला न गेलेली बाटली

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शहरात रोज नवी कचेरी, नवी पाटी. आमच्या शिरूर अनंतपाळकडं मात्र सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. बायकोच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं, जेवली की उलटी व्हायची. वर्ष तिनं ओवा चावून काढलं. एका दुपारी टँकरच्या रांगेतच ती पोट धरून बसली, तेव्हा तिला एसटीनं लातूरला नेलं.

डॉक्टर तरुण होता. मशीनवर पोट बघायची सोय तिथं नवीनच आली होती. फोटो उजेडापुढं धरून तो म्हणाला, "मामा, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. पिशवीची भिंतपण जाड झालीय. खड्यांच्या जुन्या सुजेनं अशी होते, आणि कॅन्सर असला तरी अशीच दिसते."

"मग ह्यातलं कोणतं?"

"फोटोवरून नाही सांगता येत."

मी चौथीसुद्धा पुरी केली नाही, पण बैलाच्या अंगावरून हात फिरवला की त्याचं दुखणं ओळखायचो. बाजारात माझ्या शब्दावर लोक जोडी घ्यायचे. मला रागच आला.

"साहेब, एवढं शिकलाव. काय ते एक सांगा, मग कापा."

"मला सूज वाटते. पण पिशवी काढून तपासल्याशिवाय पक्कं कुणीच सांगणार नाही."

बायको खाटेवरून म्हणाली, "ओ, दात बघून बैल घ्यायला आलाव का हितं? करू द्या की त्यास्नी."

ऑपरेशनच्या दिवशी गळ्यातलं लिंग काढा म्हणल्यावर ती अडून बसली. आम्हा लिंगायतांत जिवंतपणी लिंग अंगावेगळं करत नाहीत. शेवटी नर्सनं ते तिच्या मुठीत ठेवून वरून पट्टी गुंडाळली, तेव्हा ती आत गेली.

दुपारी डॉक्टर बाहेर आला. "चिकटलं होतं बरंच. आत सुजेसारखंच दिसलं. तरी ही बाटली सोलापूरला न्या. तिथं तपासून कागद देतील, तो मला आणून दाखवायचा. विसरू नका, मामा."

औषधाच्या पाण्यात तिची पिशवी होती. अंजिराएवढी, सुरकुतलेली. मी बाटली धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्टँडवर गेलो. सोलापूरची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. आमच्यात माणूस जाळत नाहीत, मातीला देतात. ही पिशवी तिच्या अंगातली. परक्या गावचे लोक तिच्या चकत्या करणार, बघणार आणि उरलेलं गटारीत टाकणार. आणि कशासाठी? पोट उघडून डोळ्यानं बघणाराच सूज म्हणतोय, तर सोलापूरवाल्याला आणखी काय दिसणार? मी पाय मागं घेतला आणि गावची गाडी धरली.

आई-वडिलांना जिथं ठेवलंय, तिथं शेताच्या कडेला खड्डा केला. जमीन इतकी वाळली होती की कुदळ उसळत होती. विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि पिशवी मातीला दिली. चांगलं काम केलं असंच मला वाटत होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरनं कागद मागितला. मी म्हणालो, "यायचाय." पुढं त्यानं आमच्या गावच्या मास्तरांकडून दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा मी "आणतो" म्हणालो. झालेलं सांगितलं असतं तर त्यानं अडाणी म्हणलं असतं, ते मला सोसणार नव्हतं.

बायकोनंही विचारलं, "सोलापूरचा कागद आला का ओ?"

"आला. सूजच होती."

त्या दिवशी ती अख्खी भाकर जेवली. महादेवाला नारळ फोडून आली. तिचा चेहरा बघून खोट्याची टोचणी लागली नाही.

पाच महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, लुगडं अंगावर ठरेना. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि मला बाहेर नेलं.

"मामा, कागद कुठंय?"

मी सगळं सांगितलं.

"पिशवी तपासून कॅन्सर दिसला असता तर तेव्हाच दुसरं ऑपरेशन करता आलं असतं," तो म्हणाला.

"वाचली असती?"

"तेही मला सांगता येत नाही."

"शिव्या द्या साहेब."

"देऊन काय होणार आता?"

घरी आल्यावर तिनं विचारलं, "सूज होती म्हणालाव, मग हे कुठनं आलं?"

मी म्हणालो, "डॉक्टरचं चुकलं असंल."

तिनं मान हलवली. पोरांना जवळ बोलावून तेच सांगितलं, डॉक्टरला कळलं न्हाई म्हणून. दीड महिन्यानं गेली.

डॉक्टरनं माझं नाव कधी कुणापुढं काढलं नाही. पोरं मात्र अजून त्याला नावं ठेवतात, घरात कुणी आजारी पडलं तर त्याचा दवाखाना सोडून पुढं जातात. मागच्या महिन्यात लातूरला तो समोर आला. केस पांढरे, हातात काठी. त्यानं मला ओळखलं. "काय मामा, बरं आहे ना?"

थोरला पोरगा त्याच्याकडं न बघता पुढं निघाला. मी "बरं हाय" म्हणालो आणि पोराच्या मागं चालू लागलो.