धाकट्याची चौकट

श्रीरामपुरात स्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी नऊ वर्षं डिझाइनचं काम करते. आमचे मालक मूळचे पेंटर. कॉम्प्युटरवरही ते ब्रश धरल्यासारखेच बसायचे. बॅनरवर वीस फोटो असले तर वीसही चौकटींना एकेक करून रंग द्यायचे. मला त्याचं हसू यायचं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल नावाची सोय असते. चौकटीचा रंग, जाडी एकदाच ठरवायची आणि हव्या त्या चौकटींना ती स्टाइल लावायची. मग स्टाइल बदलली की तिच्या सगळ्या चौकटी आपोआप बदलतात. ज्यांना हाताने वेगळा रंग दिलाय त्या तेवढ्या बदलत नाहीत; पण तो हाताचा रंग काढला की खालून स्टाइलचाच रंग वर येतो. हे मी मालकांना शिकवायला गेले तर म्हणाले, "तुझं तुला लखलाभ." मला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाही. तेव्हा शहाणपणा माझ्या नाकावरच बसलेला असायचा.

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मास्तर राहत. त्यांच्या घरचा नाताळच्या शुभेच्छांचा बॅनर दरवर्षी आम्हीच करायचो. मास्तर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या मावशी, चार मुलगे, तीन सुना, सगळे सोनेरी चौकटीत. त्या नाताळला मावशींनी दोन फोटो नवे आणले, मास्तरांचा आणि धाकट्याचा. धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसला तो नगरला जायचा. नव्या फोटोत तोंड सुजलेलं दिसत होतं. मी जुनाच ठेवू का विचारलं.

"न्हाई. आत्ता हाय तसाच दिसू दे," मावशी म्हणाल्या.

त्या दोन फोटोंना मी माझी सोनेरी स्टाइल लावली. बाकीच्या चौकटी मालकांनी पूर्वीच हाताने रंगवलेल्या होत्या.

फेब्रुवारीत मास्तर गेले, झोपेतच. श्रद्धांजलीचा बॅनर दोन तासांत हवा होता. मी नाताळचीच फाइल उघडली, मजकूर बदलला, मास्तरांचा फोटो मोठा करून मधे घेतला. आमच्याकडे काळी चौकट म्हणजे माणूस गेलेला. मी मास्तरांच्या चौकटीला हात लावण्याऐवजी सवयीने स्टाइलच काळी केली. झूम केलेल्या पडद्यावर तेव्हा फक्त मास्तर दिसत होते. खाली 'शोकाकुल' म्हणून कुटुंबाची रांग होती, तिच्यात मालकांच्या हातचे सगळे सोनेरीच राहिले आणि माझा एकटा धाकटा काळा झाला. मी न बघता फाइल प्रिंटला पाठवली.

बॅनर गल्लीच्या तोंडाशी लागला. दफनविधीहून परतताना घरच्या सगळ्यांनी तो पाहिला. थोड्या वेळाने धाकटा स्वतः दुकानात आला. धापा टाकत खुर्चीत बसला आणि हसला.

"ताई, माझं लई लवकर उरकलंत की तुमी."

मी त्याच्यासमोरच त्याची चौकट हाताने सोनेरी केली आणि नवा प्रिंट काढला. मालकांनी शिडी खांद्यावर घेतली, जाऊन बॅनर बदलून आले.

जूनमध्ये धाकटा गेला. बॅनरने कुणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी त्या गल्लीतून जायचं टाळू लागले, लांबचा वळसा घेऊन घरी जायचे.

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी मावशी दुकानात आल्या. मी खाली मान घालून विचारलं, "मावशी, फोटो आणलाय का?"

"नवा कशाला? तुझ्याकडं हाय की तयार," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी पडद्याकडे तोंड करून बसल्या.

मी फाइल उघडली, त्याची चौकट निवडली. काळा रंग द्यावाच लागला नाही. मी हाताने दिलेला सोनेरी तेवढा काढला. खाली स्टाइलचा काळा फेब्रुवारीपासून तसाच होता.