निळ्या करडईची मोजणी

मॅडम गेल्याची बातमी मला टँकरच्या रांगेत समजली. आमच्या क्वार्टर्समध्ये फोन फक्त शेजारच्या इंजिनिअरसाहेबांकडे आहे. त्यांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, नांदेडहून फोन होता. तुझ्या त्या करडईच्या मॅडम गेल्या म्हणे, सकाळीच." मी "बरं" म्हणाले. नंतर वाटलं, या बातमीला बरं म्हणत नाहीत. पण तोवर त्या वळल्या होत्या. रांग सरकली तशी मीही सरकले. कळशी भरली, घरी आणून ठेवली आणि मग आईला सांगितलं. संध्याकाळच्या एस.टी.ने निघाले असते तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मी गेले नाही. काही आठवड्यांनी गेले, त्याबद्दल शेवटी लिहिते.

कौसल्या सोनकांबळे हे त्यांचं पूर्ण नाव. वनस्पतिशास्त्राच्या लेक्चरर. गाव किनवट तालुक्यातलं इस्लापूर, धबधब्याच्या वाटेवरचं. घरात बुद्धाची लहानशी तसबीर, तिच्यासमोर रोज एक ताजं फूल. दुष्काळात फूल मिळेना तेव्हा करडईचं वाळकं बोंड. बरीच वर्षं त्यांनी नांदेडला शिकवलं आणि नंतर लातूरच्या कॉलेजात आल्या. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. वडिलांची बदली त्याच निमित्ताने इथे झाली आणि हैदराबादच्या इंग्लिश शाळेत आणि कॉलेजात वाढलेली मी, बी.एस्सी. संपवून, या ऊन लागणाऱ्या गावात येऊन बसले. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवायचं काम चालू होतं. नव्या रंगाखालून जुना 'तालुका' दिसत राहायचा. कॉलेजातले लॅब असिस्टंट हबीबमामू म्हणायचे, "जिल्हा तो हो गया बेटा, लेकिन पाणी अजून तालुक्याचंच येऊन राहिलंय." तेही पुढे बंद झालं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आला नव्हता.

मी कोणाशी बोलत नसे. माझं मराठी घरातलं, ते बाहेर काढायची लाज वाटायची. फक्त चित्रं बरी काढायचे. वडिलांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, एक मॅडम आहेत, त्यांना प्रबंधासाठी आकृत्या काढून देणारं माणूस हवंय. वडील मला सोडायला आले. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. त्याला एक आरसा लावलेला होता, ज्यातून आत पाहताना शेजारचा कागद आणि पेन्सिलचं टोकही दिसतं. म्हणजे जणू पेशीवरूनच पेन्सिल फिरवायची. "दिसतंय ते काढ," त्या म्हणाल्या. "ठाऊक आहे ते काढू नको. पुस्तकातलं तर मुळीच नको." दुपारभर मी काढत बसले. त्यांनी कागद खिडकीशी नेऊन पाहिला, वडिलांना म्हणाल्या, "पोरगी बोलत न्हाई, ते लई चांगलं हाय. उद्यापासून पाठवा."

काम असं होतं. करडई आपल्याकडची म्हणून आपण ओळखतो, पण तिची रानटी भावंडं भूमध्य समुद्राच्या काठाने वाढतात, दगडाधोंड्यांत, रस्त्यांच्या कडेला. तिथल्या वनस्पती उद्यानांना पत्रं पाठवून मॅडमनी त्यांचं बी मागवलं होतं. पाकिटातून चिमूटभर बी यायचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. मॅडम म्हणायच्या, आपल्या करडईला ते अजून आठवतं, म्हणून ती हिवाळ्यातच येते. बी ओल्या टीपकागदावर रुजवायचं. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की सकाळी, पेशी विभागायच्या वेळी, त्याचं टोक कापायचं, बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, मग औषधात, मग रंगात, आणि शेवटी काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचं. अंगठा जरा सरकला की सगळं फुकट. साधलं, तर एखाद्या पेशीत गुणसूत्रं सुटी सुटी पसरलेली दिसतात आणि मोजता येतात. आपल्या करडईत चोवीस असतात. तिकडच्या काहींत वीस, काहींत चव्वेचाळीस. या आकड्यांवरून कोण कोणाचं किती जवळचं ते कळतं.

बर्फ हबीबमामू आणायचे, थंड पेयाच्या दुकानातून, गोणपाटात गुंडाळून. "मॅडम, मुळ्यांना बरफ का पानी, अन् आम्हाला रांजणातलं कोमट. पुढल्या जन्मी आपण करडईच होणार." मॅडम वर न पाहता म्हणायच्या, "काटे येतील अंगाला." "ते बेगम म्हणते आताच हायेत."

त्यांची मोजायची एक पद्धत होती. दोघींनी एकच पेशी वेगवेगळी मोजायची, आकडा तोंडातून काढायचा नाही. आपापल्या पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवायची आणि मग दोन्ही एकदम उलटायच्या. त्यांचं म्हणणं, आकडा एकदा कानावर पडला की डोळे तोच शोधतात. माझ्यासारखीला ही पद्धत फार सोयीची होती. त्या खोलीत न बोलणं हाच नियम होता, आणि मला पहिल्यांदाच कुठेतरी अवघडल्यासारखं वाटलं नाही.

प्रबंधाचा सगळा जीव एका जातीत होता. तिची फुलं निळसर, म्हणून मॅडम तिला निळी म्हणायच्या. तिच्यात त्यांना नांदेडला असताना बावीस गुणसूत्रं सापडली होती. इतरांनी निळसर फुलांच्या जातींत वीसच मोजली होती. ही बावीसवाली म्हणजे विसांच्या आणि चोविसांच्या मधली पायरी, आणि ती पहिल्यांदा पाहिली होती इस्लापूरच्या मजुराच्या मुलीने. त्या हे असं कधी बोलल्या नाहीत. पण त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर निळीचा एक पुठ्ठा लावलेला होता. पेशीचा मोठा फोटो करून त्यातलं एकेक गुणसूत्र नखं कापायच्या कात्रीने कापलेलं, जोड्या लावून लांबीप्रमाणे डिंकाने चिकटवलेलं. अकरा जोड्या. अकरावी अगदी बारीक, ठिपक्यांएवढी. कापाकापी चालू असली की पंखा बंद असायचा, एप्रिलातसुद्धा. घाम पुसायला उठायचं झालं तर तुकड्यांवर स्टीलची वाटी पालथी घालायची.

निळीच्या कुंड्या कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात होत्या. टँकरचं पाणी झाडांना घालायचं नाही, असा हुकूम निघाला. मॅडम घरून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी डब्यातून आणायला लागल्या. स्टाफरूममधून आवाज यायचा, "काय मॅडम, काटे पाजून राहिल्या का? गावाला प्यायला न्हाई." त्या म्हणायच्या, "माझ्या वाटणीचं हाय सर. तुमची आंघोळ झाली न्हवं?" उन्हाळ्यात कुंड्या वाळल्याच. निळीच्या पाकिटात फक्त तळाशी राहिलेल्या बिया उरल्या.

त्याच सुमारास मी प्रबंधासाठी निळीची शेवटची आकृती काढत होते. स्लाइड जुनी, नांदेडची. मीही निळी आजवर बावीसच मोजत आले होते. त्या दिवशी अकराव्या जोडीतल्या एका बारक्या तुकड्याजवळ पेन्सिल थांबली. तुकडा आणि शेजारचं लांब गुणसूत्र यांच्यामध्ये काहीतरी होतं... रंग न घेतलेला, केसाहून पातळ धागा. उजेड कमी केला की दिसायचा, वाढवला की जायचा. दुसऱ्या तुकड्याजवळ पाहिलं. तिथेही. म्हणजे ते बारके तुकडे स्वतंत्र नव्हतेच; त्या लांब जोडीचीच ती टोकं होती, धाग्याला लोंबणारी. मी धागा काढला. मग पाटीवर लिहिलं आणि पालथी घातली.

पाट्या उलटल्या. त्यांच्या पाटीवर बावीस, माझ्या पाटीवर वीस.

"हे काय? इंग्लिश शाळेत विसापर्यंतच शिकवतात?"

मी आकृती पुढे केली. त्यांनी ती पाहिली, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"मला न्हाई दिसत धागा."

"उजेड कमी करून बघा, मॅडम."

त्यांनी केला. पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "तू जा घरी आज."

दुसऱ्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या की एका जुन्या स्लाइडवरून काही ठरत नाही, ताज्या मुळ्या पाहिजेत. ताज्या मुळ्या म्हणजे पाकिटातल्या त्या शेवटच्या बिया. पावसानंतर पेरल्या असत्या तर निळी पुन्हा झाली असती, बी वाढलं असतं. आता रुजवून मुळं कापायची म्हणजे ती संपली. रोपं जगवायला पाणी नव्हतं. आणि प्रबंध टाइपिंगला द्यायचा ठरलेला होता. बावीस तसेच राहिले असते तर हटकणारं कोणी नव्हतं. ती स्लाइड आम्हा दोघींशिवाय कोणी पाहणार नव्हतं आणि मी तर बोलतच नसे. हे दोघींनाही कळत होतं. मी हळूच म्हणाले, "मॅडम, पाऊस पडेपर्यंत थांबू या का?"

"आन् तवर काय बावीस म्हणत बसू?" त्या पाकीट फाडत होत्या. "आमच्यासारख्यांची चूक लोक नातवंडांना सांगतात, पोरी. ती दुसऱ्यानं काढायच्या आत मीच काढते."

बिया त्यांच्या जेवणाच्या डब्यात, ओल्या टीपकागदावर रुजल्या. हबीबमामूंनी बर्फ आणला आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही. सगळ्या स्लाइड्स मॅडमनी स्वतः दाबल्या. मग आम्ही मोजत गेलो, एकेक पेशी, पाट्या पालथ्या. बारके तुकडे कधी दूर दिसायचे, कधी जवळ. पण प्रत्येक पेशीत ते त्याच जोडीच्या टोकाशी होते. स्वतंत्र असते तर एखाद्या तरी पेशीत दुसरीकडे भटकलेले दिसले असते. पहिल्या काही पेशींना मॅडमच्या पाटीवर बावीस येत होते. मग एकदा पाटी उलटली तर वीस. त्यांनी बाकीच्या पेशी मात्र सोडल्या नाहीत, शेवटच्या स्लाइडपर्यंत मोजलं.

ते प्रकरण प्रबंधातून गेलं आणि त्याबरोबर प्रबंधच बसला. बाकीचं सगळं त्याच्याच आधाराने उभं होतं. स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलं, "मॅडम, एवढी वर्षं मोजून शेवटी वीसच का?" त्या म्हणाल्या, "वीसच." चहा संपवून वर्गावर गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "पुन्हा मांडू. निळीला सोडून न्हाई, निळीला धरूनच." पण त्यानंतरच्या सुट्टीत त्यांच्या पोटाचं दुखणं उघड झालं. लांब रजा टाकून त्या नांदेडला भावाकडे गेल्या. जाताना मायक्रोस्कोप कॉलेजचा म्हणून ठेवून गेल्या. कात्री, पाट्या आणि भिंतीवरचा पुठ्ठा बरोबर नेला. मी दोनदा पत्र पाठवलं. उत्तरात आजाराचा उल्लेख नसायचा. 'फोटो मोठे करून घेतले. कापत आहे,' एवढंच.

मागच्या आठवड्यात नांदेडला गेले. गोदावरीच्या पुलावरून बस गेली तेव्हा खाली बहुतेक वाळूच होती. भाऊ कामावर होते. वहिनींनी दार उघडलं, मला खाटेवर बसवलं, उकाडा म्हणून पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि थांबल्या.

"या खोलीत लावतच न्हाई आम्ही. अक्कानं सांगितलं व्हतं, वाटी हाय तवर पंखा न्हाई. अजून उचलली न्हाई मी. कोन उचलनार?"

टेबलावर पुठ्ठा आडवा होता, कोरा. जुना पुठ्ठा भिंतीवर नव्हता. बाजूला कात्री, डिंकाची बाटली, पालथी स्टीलची वाटी आणि पालथी पाटी. मी खिडकी लावून घेतली आणि वाटी उचलली. आमच्या शेवटच्या स्लाइडवरची ती पेशी होती, मी ओळखली. सगळी गुणसूत्रं कापून झाली होती, जोड्या लावायच्या राहिल्या होत्या. बारके दोन तुकडे सुटे नव्हते. त्यांच्यात आणि लांब गुणसूत्रांत कात्रीने कागदाची दोऱ्याएवढी पट्टी राखून ठेवली होती. आजारी हाताने ते कसं जमवलं असेल... मला निरोगी हाताने जमलं नसतं. मी जोड्या लावल्या, मोजल्या, आकडा माझ्या तळहातावर पेनने लिहिला आणि मगच त्यांची पाटी उलटली. वीस.

वहिनी मागे उभ्या होत्या. "हेच घेऊन बसायची दिवसभर. काय म्हनून इचारलं तर म्हनायची, मोजून राहिले. काय हाय वो हे?"

सांगता आलं असतं. मी पाटी पुन्हा पालथी घातली, तळहात मिटला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "तुम्ही मोजा ना वहिनी. आकडा बोलू नका फक्त."

"मला काय कळतंय यातलं?" म्हणत त्या पदर सावरून बसल्या. मग एकेका तुकड्यावरून, न शिवता, बोट पुढे नेऊ लागल्या. त्या जोडलेल्या जोडीपाशी बोट थांबलं. त्या वाकल्या, श्वास रोखून अगदी जवळून पाहिलं, आणि बारक्या टोकांवर वेगळं न थांबता बोट पुढे सरकलं.