पांढरी साडी आणि बिस्वासआजींचे पाय

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. नाहीतर मध्येच ठसका लागेल आणि तोही माझ्याच नावावर जाईल. माझ्या नावावर सध्या पुष्कळ जमा आहे.

मी किती शूर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दाराची बेल वाजली तरी दचकते. पण सगळ्यात जास्त भीती कशाची, तर लोकांसमोर मोठ्याने प्रार्थना करायची. मनातल्या मनात कितीही वेळ करीन. नगरला असताना तरुण संघात एकदा माझी पाळी आली, तर एका आजारी काकांसाठी मी घाबरून जेवणाआधीची प्रार्थना म्हणून टाकली. 'प्रभू, हे अन्न आशीर्वादित कर.' काका समोरच बसले होते.

तर बाबांची बँकेतली बदली झाली, आम्ही कोलकात्यात आलो आणि बालीगंजच्या एका चर्चला जाऊ लागलो. तिथल्या पाळकसाहेबांनी एका रविवारी आज्ञापालनावर असा काही उपदेश केला, की उपासना संपल्यावर मी त्यांना जाऊन म्हटलं, "मलाही काहीतरी सेवा सांगा." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

ते लगेच म्हणाले, "बिस्वासआजींच्या मोतीबिंदूचं परवा ऑपरेशन आहे. उद्या दुपारी त्यांच्याकडे जा, त्यांच्यासाठी प्रार्थना कर."

"एकटी?"

"माझा विश्वास आहे तुझ्यावर. आणि तिथे जे काम समोर येईल ते कर. हे माझं काम नाही, असं म्हणायचं नाही."

मी 'हो' म्हणून मोकळी झाले.

घरी आईचं वेगळंच. "प्रभूच्या कामाला ड्रेस घालून जाणार? पांढरी नेस." आमच्याकडे प्रभुभोजनाला बायका पांढरी साडी नेसतात, तीच आईने कडक इस्त्री करून हातात दिली. मी नेसले, केसांचा घट्ट अंबाडा घातला आणि निघाले. कोलकात्यात आजाऱ्यांची देखभाल करायला सेंटरवरून ज्या आया येतात, त्यांतल्या कितीतरी जणी अगदी अशाच पांढऱ्या साडीत येतात, हे मला कोणी सांगायला नको होतं का?

दार सुनेने उघडलं. मौमिता तिचं नाव. कानाला फोन, चेहऱ्यावर ऑफिसची मीटिंग. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इतना देर क्यों किया?"

मला उशीर झाला नव्हता. पण असं कोणी विचारलं की मी आधी माफी मागते. "सॉरी दीदी, वो बस..."

"माँ उस कमरे में है. तेल गरम करके पैर में लगा दो. चादर भी बदलना." आणि ती पुन्हा फोनवर.

तेल? मग आठवलं, जे काम समोर येईल ते. पाळकसाहेबांना हे आधीच माहीत असणार. ही परीक्षा आहे. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. पाय चोळताना मोठ्याने प्रार्थना करावी लागत नाही.

आजी पलंगावर बसल्या होत्या. एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. मोतीबिंदूमुळे त्यांना मी म्हणजे नुसता एक पांढरा ढग दिसत असणार.

"नयी है? नाम क्या है?"

"सुहासिनी."

"इतना बड़ा नाम. हाथ तो ठंडा है तुम्हारा. रगड़ो, रगड़ो."

मी रगडलं. चादर बदलली. मग त्या म्हणाल्या, "कुर्सी साफ करो. चर्च से कोई आनेवाली है." आणि मी, जी चर्चमधून आले होते, ती माझ्यासाठीच खुर्ची पुसू लागले. मला वाटलं, माझ्यावर भरवसा नाही म्हणून पाळकसाहेबांनी मागाहून आणखी कोणाला तरी पाठवलंय. बरोबरच आहे, मीही माझ्यावर भरवसा ठेवला नसता. तरी डोळ्यात पाणी आलंच.

आजी मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "सुनो, चर्चवाली को मत बताना. मुझे बहुत डर लगता है. आँख में छुरी चलाएगा. उसको बोलूँगी तो कहेगी, विश्वास रखो, दादी. अरे, विश्वास है. डर भी है. दोनों है."

मी म्हटलं, "मुझे भी."

"तुमको किस चीज़ का?"

"सब चीज़ का."

आजी इतक्या हसल्या की तेलाची वाटी लवंडली.

तेवढ्यात बेल वाजली. मी दचकले, ते सोडा. आत एक बाई आली, फुलाफुलांचा सलवार-कमीज, खांद्याला पर्स, हातात छत्री. मौमिताने फोन ठेवून तिला "आइए, आइए" म्हणत मी पुसलेल्या खुर्चीत बसवलं आणि मला सांगितलं, "चाय लाओ. और संदेश." मी चहा आणला, आणि बशीत संदेश, ती बंगाली मिठाई. बाईने अतिशय आनंदाने संदेश खायला घेतला. तिच्या चेहऱ्यावर असं होतं, की किती चांगले लोक आहेत हे.

मग आजींनी हात जोडले, डोळे मिटले. "अब प्रार्थना कीजिए."

बाईने तोंडातला घास गिळला. "मैं?"

"और कौन?"

"माँ, मैं तो शिखा हूँ. सेंटर से आयी हूँ. आया."

सगळ्यांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली. माझे दोन्ही हात अजून तेलकट.

मौमिताने विचारलं, "तो तुम कौन हो? चर्च से हो क्या?"

सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "नहीं."

का म्हटलं? घाबरले म्हणून. त्याच क्षणी आत कुकरची शिट्टी झाली. पेत्राने येशूला 'ओळखत नाही' म्हटलं, तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला होता.

शिट्टीने मी अशी उडाले की खरं तोंडातून बाहेरच पडलं. "हूँ. मैं ही हूँ. चर्च से. सॉरी."

मौमिताने कपाळावर हात मारला. शिखादीने हातातला अर्धा संदेश बशीत परत ठेवला. आजी तेवढ्या शांत होत्या. पांढऱ्या ढगाच्या दिशेने त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तो करो."

हिंदी सुचेना. इंग्रजी सुचेना. मी त्यांचा हात धरला आणि मराठीतच सुरू केलं. "प्रभू, आम्हा दोघींना भीती वाटते. यांना डोळ्याची, मला सगळ्याची. आमचा विश्वास आहे, पण भीतीही आहे. तू दोन्ही सांभाळ. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. माझाही ठेव, फार थरथरतोय." मग शेवट कसा करायचा ते आठवेना, आणि सवयीने तोंडातून निघालंच, "आणि हे अन्न आशीर्वादित कर. आमेन."

"आमेन," आजी म्हणाल्या. शिखादीही म्हणाली, आणि तिने तो अर्धा संदेश उचलून पुन्हा तोंडात टाकला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं.

"आजींचं ऑपरेशन छान झालं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसरा डोळा. त्या म्हणतात, आदल्या दिवशी सुहासिनीलाच पाठवा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला नाव घेऊन बोलावलं होतं.

"पाय चोळायला," पाळकसाहेब म्हणाले. "प्रार्थनेचं शिखा बघेल म्हणाल्या."