चिठ्ठी नसलेला फ्रॉक

आमच्या घरात आलेल्या प्रत्येक ब्लाउजपीसच्या घडीत एक चिठ्ठी असायची. देणाऱ्याच्या नावाची. बहुतेक घरांत हे करतात, फक्त कबूल कोणी करत नाही. आलेला आहेर पुढे सरकवायचा असतो आणि ज्याचा त्यालाच परत गेला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चिठ्ठ्या लिहिण्यात माझी हयात गेली आणि चूक झाली ती नेमकी तिथेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही गंगापूर रोडला राहायचो. नोकरी सांभाळून मी आणि दोघी मैत्रिणी दर रविवारी मळ्यांकडच्या मुलांसाठी शाळेच्या पडवीत वाचनवर्ग घ्यायचो. त्याचा मला अभिमान होता, जरा जास्तच. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला मी ठरवलं की भेटवस्तू घ्यायच्याच नाहीत. कार्डं स्वतः लिहून झेरॉक्स काढल्या. 'कृपया भेटवस्तू आणू नये. मुलांच्या वाचनवर्गासाठी यथाशक्ती मदत दाराजवळच्या डब्यात टाकावी.' नवरा म्हणाला, "वाढदिवस आहे की मुंज?" लेकीने एवढंच विचारलं, "एकपण नाही?" मी म्हटलं, एकपण नाही.

एक कार्ड मी आमच्या फुलवाल्या मावशींनाही दिलं. मावशी म्हणायचं म्हणून म्हणायचो, वयाने त्या माझ्याएवढ्याच होत्या. आनंदवलीच्या पुढे त्यांचा थोडासा मळा होता, शेवंती आणि गुलाबाचा. रोज सकाळी देवाची फुलं कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून आणून द्यायच्या. त्यांची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची, आमच्या वर्गात यायची. नुकतीच काना-मात्र्यांना अडखळणं सोडून भराभर वाचायला लागली होती. जोडाक्षरं तेवढी राहिली होती. मी मावशींच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "संध्याकाळी या हं, पोरीला घेऊन." त्यांनी ते कपाळाला लावून पिशवीत ठेवलं. वाचून दाखवायचं मला सुचलं नाही.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. मी स्वयंपाकघरात बशांमध्ये वेफर्स वाढत होते. मावशी कधी आल्या, कधी गेल्या, मला कळलं नाही. पोरगी लाजली म्हणून एकट्याच आल्या होत्या, हे लेकीकडून नंतर कळलं, बऱ्याच उशिरा. रात्री आवरताना दिसलं की कार्ड वाचूनही काहीजणांनी भेटी आणल्याच होत्या. चिठ्ठ्या लिहिल्या, कपाटात ठेवल्या. एका पुड्यावर मात्र नाव नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोऱ्याने बांधलेला. आत अबोली रंगाचा फ्रॉक, गळ्याला लेस. लेक म्हणाली, "आई, हा तरी ठेवू या ना."

"ठरलं म्हणजे ठरलं," मी म्हटलं. "हा वर्गातल्या मुलीला बक्षीस देऊ."

कागद आणि दोरा मी केरात टाकले. रोज सकाळी तीच गाठ सोडत होते मी, वर्षानुवर्षं. लिहिता न येणाऱ्या बाईने पुड्यावर आपलं नाव घातलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही.

पुढच्या रविवारी मी मुलांना एकेक परिच्छेद वाचायला लावला. मावशींच्या मुलीने सगळ्यांत चांगला वाचला. मी तिला पुढे बोलावलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि फ्रॉक तिच्या हातात दिला. तिने तो उलगडला, लेस बघितली, परत घडी केली.

"हा माझ्या आयनं तुमच्या पोरीला दिला व्हता," ती म्हणाली. "पसंत नाय पडला का?"

तिथे मी माफी मागायला हवी होती. ते सोडून मी म्हणाले, "अगं, कार्डावर लिहिलं होतं ना, भेट आणू नका म्हणून."

"आयला वाचता नाय येत," ती म्हणाली. फ्रॉक सतरंजीवर ठेवला आणि गेली. परत वर्गाला आली नाही.

मावशी फुलं आणत राहिल्या, पण बेल वाजवणं त्यांनी बंद केलं. पुडा कडीला अडकवून जायच्या. एकदा दारात गाठून पोरीचं विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या ताई, आता ती मळ्यात लागती मला." मळा माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. मी गेले नाही. लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता, एवढं चांगलं करायला गेले त्याचं हे असं झालं म्हणून. त्या रागाची आता जास्त लाज वाटते.

आठ-नऊ वर्षांनी एका सकाळी बेल वाजली. मावशी होत्या, हातात लग्नपत्रिका. पोरीला कळवणला दिली होती. "या ताई," एवढंच म्हणाल्या आणि शेजारच्या दारी गेल्या.

आत जाऊन पत्रिका उघडली. छापलेल्या मजकुराखाली कोणीतरी पेनाने, एकेक अक्षर सुटं काढून, एक ओळ लिहिली होती. 'आहेर आनू नये.' शेजारणीची पत्रिका मागून बघितली. तिच्यावर ती ओळ नव्हती.

माझ्या पत्रिकेवरच्या त्या ओळीत 'कृपया' मात्र नव्हतं. तो शब्द शिकवायचा राहूनच गेला होता.